जुन्या मोटारीची वीज

यवतमाळच्या शेतकऱ्याला पाळीच्या विजेची ओळख सांगायला नको. आयटीआयतल्या तरुणांनी हा प्रयोग जरूर करावा. वाइंडिंग शाबूत असलेली जुनी इंडक्शन मोटार घ्या. तिचा रोटर लेथवर चुंबकाच्या जाडीइतका उतरवून त्यावर निओडिमियमचे चुंबक मोटारीच्या ध्रुवांप्रमाणे, उत्तर-दक्षिण आळीपाळीने चिकटवा. किंचित तिरपे बसवा, नाहीतर रोटर अडखळत फिरतो. चार ध्रुवांच्या मोटारीला ५० हर्ट्झसाठी मिनिटाला १५०० फेरे लागतात. ३०० फेऱ्यांत १० हर्ट्झच मिळतात. म्हणून डायोड लावून बॅटरीच भरावी. साधे चुंबक ८० अंशांपुढे दुबळे पडतात.

आणि मित्रहो, ही तार घरच्या लाइनला कदापि जोडू नका. लाइन बंद समजून खांबावर चढलेला वायरमन त्या उलट्या विजेने जागीच दगावू शकतो.