हरळीला उन्हाळ्यात झोपू द्या

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, एका पहाटे मी घरामागच्या अंगणात पत्र्याचे नऊ एकसारखे डबे मांडले आणि फवारे सुरू केले. वीस मिनिटांनी पट्टी घेऊन बसलो. कोपऱ्यांतल्या डब्यांत पाच मिलिमीटर पाणी होते, मधल्या पट्ट्यातल्या डब्यांचा तळही नीट भिजला नव्हता. चार कोपऱ्यांत चार फवारे पुरतील असे मला वाटले होते. ते पुरत नाहीत. एका फवाऱ्याचे पाणी शेजारच्या फवाऱ्याच्या बुडाशी पोहोचले, तरच जमीन सारखी भिजते. मग लांब बाजूंच्या मध्यावर आणखी दोन लावले.

हे सगळे काम मी स्वतः केले. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, हाताला काम हवे होते. एक वीत खोल चर खणले, पाईप कापले, एल्बो आणि टी सोल्युशनने चिकटवले, बोअरच्या पाण्यातली रेती अडवायला जाळीचा फिल्टर बसवला. गच्चीवरच्या टाकीला जोडणी दिली, तर फवारे फिरेनातच, नुसते ठिबकत राहिले. दहा मीटर उंचीच्या पाण्याला दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब मिळतो. माझी टाकी चौदा फुटांवर, म्हणजे अर्धा किलोही दाब नाही, आणि फवाऱ्याला हवा दोन किलोच्या आसपास. शेवटी एक एचपीची मोटर आणावी लागली. घरी असे काम करणाऱ्याने पाईप विकत घेण्याआधी दाबाचा हिशोब करावा, पैसे वाचतील.

आई ओट्यावरून बघत होती. तिने एकच विचारले, “याले उन्हायामा पानी कोठून लयशी?”

तिच्या प्रश्नाचे उत्तर डब्यांनीच दिले. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. माझे अंगण सहा मीटर रुंद, दहा मीटर लांब. रोज पाच मिलिमीटर दिले, तर तीनशे लिटर. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे साडेपाच माणसांचे रोजचे पाणी मी गवतावर उडवत होतो. त्यातलेही सगळे मुळाशी जात नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारचा वारा भट्टीसारखा वाहतो, फवाऱ्याचे बारीक थेंब जमिनीवर पडण्याआधीच विरताना डोळ्यांना दिसतात. म्हणून फवारे पहाटेच चालवायचे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बोअरची मोटर हवा ओढू लागली. त्या दिवशी मी व्हॉल्व्ह बंद केला. नर्सरीतून आणलेली गादीसारखी हिरवळ दहा दिवसांत जळाली. ‘ही कधी मरत नाही,’ असे सांगून ती मला विकली होती.

जुलैत मी बांधावरची हरळी आणली. आईने सारा जन्म शेतातली हरळी खणून काढली, कारण तिचे कांड जमिनीत राहिले की ती पुन्हा फुटतेच. शेतात जो तिचा दोष, तोच अंगणात तिचा गुण. खडे वेचले, मुरूम काढून चाळलेली माती आणि शेणखत घातले, कांडांचे बोटभर तुकडे चार-चार इंचांवर टोकले. ऑक्टोबरपर्यंत जमीन झाकली गेली. पुढच्या एप्रिलच्या मध्यावर पाणी बंद केले, ती पिवळी पडली, नंतर करडी झाली. येणारे-जाणारे म्हणाले, गेली तुमची हिरवळ. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले आणि आठवड्यात अंगण पुन्हा हिरवे झाले.

फवाऱ्याशी माझे वैर नाही. हे यंत्र मुळात शेताचेच. १९३३ साली कॅलिफोर्नियातल्या एका लिंबूवर्गीय बागायतदाराने ठोके देत फिरणारा फवारा तयार केला, तो पिकासाठी. आपल्या खानदेशात गहू, हरभरा, भुईमूग यांना तुषार सिंचनाने थोड्या पाण्यात तारले आहे, आणि जळगावने तर ठिबक शेतोशेत पोहोचवले. ज्या मातीने हे शिकवले, तिथे बारमाही हिरवळीसाठी बोअर उपसावी, हे मला पटत नाही. अमेरिकेत नेवाडा राज्याने २०२१ साली कायदा केला: रस्त्याकडेला, कार्यालयांपुढे केवळ शोभेसाठी लावलेल्या गवताला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचे पाणी मिळणार नाही. श्रीमंत देशाला जे परवडत नाही, ते धुळे-जळगावला कसे परवडेल?

आणि गवत हवेच असेल तर लामकानीला जाऊन बघावे. धुळे तालुक्यातल्याच या गावात डॉ. धनंजय नेवाडकर आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळून उघडे डोंगर गवताने झाकले. तिथे फवारा नाही. उन्हाळ्यात ते गवत वाळते, पावसात उठते, आणि मुळाशी पाणी धरते. आधी पाणी पाहायचे, ही रीत जुनीच आहे. आमच्या सोनगीरच्या किल्ल्यावर चढलात तर खोल बांधीव विहीर दिसेल. किल्ला बांधणाऱ्यांनी आधी पाण्याची सोय पाहिली होती.

माझा खरा आग्रह मंगल कार्यालयांकडे आहे. हमरस्त्यालगत लग्नाची ‘लॉन्स’ एकामागून एक उभी राहत आहेत आणि लग्नसराई नेमकी एप्रिल-मेची. दोन तासांच्या जेवणावळीसाठी एकरभर गवत हिरवे ठेवायला टँकर येतो, तेव्हा पलीकडच्या वस्तीत बाया हंडे घेऊन उभ्या असतात. एक एकर म्हणजे साधारण चार हजार चौरस मीटर. रोज पाच मिलिमीटर म्हणजे वीस हजार लिटर. बांधकामाला परवानगी देताना ग्रामपंचायतीने आणि महापालिकेने हा हिशोब मागावा. जिथे लोकांना टँकरने पाणी द्यावे लागते, तिथे उन्हाळ्यात गवताला पाणी देण्यावर बंदी घालावी. मांडवाखाली सतरंजी अंथरली तरी लग्न लागते.

घरी हिरवळ करणाऱ्यांनी फवारे जरूर लावावेत, स्वतः लावावेत. मोरीचे पाणी मात्र फवाऱ्यातून उडवू नका. ते वाळू-गिट्टीच्या खड्ड्यातून गाळून पाटाने झाडांना सोडा. हरळी जुलैत टोका. डबे मांडून पाणी मोजा. आणि १५ एप्रिलला व्हॉल्व्ह बंद करा.