दर्शनी भिंतीमागचा चौक

संदर्भग्रंथ पाहण्याच्या निमित्ताने डोणगावाहून मुंबईला जाणे झाले, की एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसण्याचा माझा परिपाठ आहे. समोर हॉर्निमन सर्कलच्या इमारती वळण घेत उभ्या असतात. तळमजल्याला कमानींची सलग ओवरी, वर एकाच ठेवणीच्या खिडक्या. आत बँका, कचेऱ्या, दुकाने. भारतातले पहिले स्टारबक्सही 2012 मध्ये इथल्याच एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये उघडले. तेव्हा वारसा भ्रष्ट झाला असे हळहळणारे काही जण मला भेटले होते. ती हळहळ मला त्या वेळीही पटली नव्हती.

कारण या इमारती जन्मल्या त्या व्यापारासाठीच. इथे पूर्वी ‘बॉम्बे ग्रीन’ हे मोकळे मैदान होते आणि त्यावर कापसाच्या गाठींचे ढीग पडत. (तो कापूस पिकवणाऱ्यांत आमचा वऱ्हाडही होता, हे मुंबईकरांच्या सहसा ध्यानात येत नाही.) पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांच्या कल्पनेतून 1860 च्या दशकात या मैदानाभोवती इमारती उभ्या राहू लागल्या. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. भूखंड व्यापारी कंपन्यांनी घेतले, पण रस्त्याकडची ठेवण एक राहिली. 1872 च्या सुमारास ‘एल्फिन्स्टन सर्कल’ पूर्ण झाले; स्वातंत्र्यानंतर त्याला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव मिळाले.

या रचनेचे मूळ इंग्लंडमधील बाथ शहरात सापडते. तेथील ‘रॉयल क्रेसेंट’ ही तीस घरांची चंद्रकोरीसारखी रांग धाकट्या जॉन वूडने 1767 ते 1775 या काळात उभारली. तिचा विशेष असा की वूडने आखली ती फक्त दर्शनी बाजू. घर घेणाऱ्याने त्या भिंतीचा ठरावीक लांबीचा तुकडा घ्यायचा आणि मागे आपल्या वास्तुकाराकडून हवे तसे घर बांधून घ्यायचे. समोरून पाहिले तर सगळा राजप्रासाद. मागे गेले तर प्रत्येकाचे छप्पर निराळे, उंची निराळी. म्हणजे या वास्तुप्रकारात दर्शनी भिंत हीच सार्वजनिक कलाकृती असते आणि आतला भाग हा ज्याचा त्याचा खाजगी व्यवहार. जॉर्जियन काळातील अशा कित्येक रांगा पुढे कचेऱ्या झाल्या, वकिलांनी आणि विमा कंपन्यांनी भरल्या, तरी त्यांचे फारसे बिघडले नाही. आत कोण राहतो याच्याशी त्यांच्या सौंदर्याचा करार मुळातच नव्हता.

माझी खरी अडचण यापुढे सुरू होते. इमारत जपणे म्हणजे तिचे तोंड जपणे, ही समजूत आपण या वास्तूंकडून उचलली आणि आपल्या वाड्यांना लावली. वाड्याचा स्वभाव नेमका उलटा. रस्त्याकडे त्याची भिंत बहुधा मुकी: एक दरवाजा, त्यातला दिंडीदरवाजा, फार तर वर लहानशी खिडकी. आत शिरले की ढाळज, मग चौक, चौकाभोवती ओसऱ्या, सोपे, माजघर. पाऊस, ऊन, चांदणे, लग्नाचा मांडव, वाळवण, मृत्यूची बैठक हे सारे चौकात. दर्शनी भिंत हे वाड्याचे केवळ कुंपण असते. चेहरा आत असतो.

आमच्या भागातील एका वाड्यात काही वर्षांपूर्वी एक कार्यालय आले. वाडा मोडला नाही, याचे गावाला कौतुक वाटले. मलाही वाटले. दरवाज्याला तेलपाणी झाले, पितळी फुल्या लखलखल्या. एकदा कामानिमित्त आत गेलो तर चौकावर स्लॅब पडलेला, ओसरीच्या खांबांमध्ये प्लायवूडच्या भिंती आणि भर दुपारी ट्यूबलाइट. वाडा कुठे आहे हे विचारावेसे वाटले. पण कुणाला विचारणार? त्याच पट्ट्यात वारसांच्या भांडणात कितीतरी वाडे पावसाने बसले, त्यांची सागवानी तुळवटे विकली गेली. त्यांच्या तुलनेत हा उभा आहे, हे नाकारण्याइतका मी भाबडा नाही. कार्यालयाने भाडे दिले नसते तर दरवाजाही राहिला नसता.

पण कार्यालय आणि चौक यांचे हाडवैर नाही. पुण्याचा विश्रामबागवाडा पाहा. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा पेशवाई गेल्यावर रिकामा झाला. 1821 मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली, पुढे सरकारी आणि नगरपालिकेची कार्यालये आली. 1879 च्या आगीची झळही त्याने सोसली. एवढ्या उलथापालथीनंतरही तिथे चौकात उभे राहून वर आकाश दिसते. रस्त्यावरचा त्याचा नक्षीदार लाकडी सज्जा सगळे छायाचित्रात घेतात. मला मात्र ते आकाश अधिक मोलाचे वाटते.

मुंबईची 1995 ची वारसा नियमावली ही देशातील अशी पहिली. तिच्यात वास्तूंच्या श्रेणी आहेत आणि दुसऱ्या श्रेणीत, कसून छाननी करून का होईना, अंतर्गत बदलांना वाव आहे. हॉर्निमन सर्कलसारख्या रचनेला ही सवलत शोभते. तालुक्याच्या गावातील वाड्याला तोच न्याय लावायचा ठरला तर ‘अंतर्गत’ या शब्दाचा अर्थ आधी ठरवावा लागेल. वाड्याचा चौक अंतर्गत मानायचा की दर्शनी? माझ्या मते दर्शनी. भाडेकरार करताना कागदावर एवढी एक ओळ घालायला वास्तुतज्ज्ञ लागत नाही: चौक उघडा राहील आणि त्यावर छत पडणार नाही.