दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी

बारावीचा निकाल लागला की गोव्यात घरोघरी एकच खल सुरू होतो. वैद्यकीय वा अभियांत्रिकी शाखेला जाण्याइतके गुण नाहीत आणि पदवी घेऊन सरकारी नोकरीची वाट पाहत बसण्याइतकी ऐपत नाही, अशा घरातील मुलीपुढे म्हापसा, फोंडा वा मडगावच्या एखाद्या दंतवैद्याकडे मदतनीस म्हणून राहण्याचा मार्ग येतो. मुलगी तयार असते. अडते ते वडीलधाऱ्यांपाशी. ‘लोकांची उष्टी तोंडे पुसायला का तुला शिकविली?’ असा त्यांचा सवाल असतो.

ही मुलगी करते तरी काय? दाढ कोरली जात असता नळीने लाळ व पाणी ओढून घेते, सिमेंट हवे तेवढेच घट्ट कालवून नेमक्या क्षणी हाती देते, दातांच्या मापात प्लास्टर ओतते, वापरलेली हत्यारे धुऊन १२१ अंश सेल्सियसच्या वाफेत निर्जंतुक करते. सोवळ्याचा अर्थ स्वच्छता असा असेल, तर इतके कडक सोवळे आमच्या देवघरांतूनही क्वचितच पाळले जात असेल. परिचारिकेच्या पेशालाही एके काळी आपल्या समाजाने अशीच नाके मुरडली होती. आज तीच परिचारिका घराचा आधार ठरली आहे.

या पेशाचा इतिहासही बोलका आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी १८८५ च्या सुमारास मदतीला स्त्री नेमली आणि त्यामुळे बायका सोबतीवाचून दवाखान्यात येऊ लागल्या. स्त्रीच्या उपस्थितीने दवाखान्याची अब्रू वाढली, हे आमच्या पालकांनी ध्यानी घ्यावे. याच केल्स यांना पुढे क्ष-किरणांच्या सततच्या माऱ्यामुळे हात गमवावा लागला, हेही विसरू नये. काम प्रतिष्ठेचे आहे, तसेच ते जपून करण्याचेही आहे.

मात्र दुसरा एक आक्षेप आम्हास खरोखर वजनदार वाटतो. दहा वर्षे खुर्चीशेजारी उभी राहिलेली मुलगी दहा वर्षांनंतर कोठे असते? १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांच्या नोंदणीची सोय केली. मदतनिसाला त्यात जागा नव्हती. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे वीस, तर राज्य विम्याचा दहा नोकर असलेल्या आस्थापनांना लागू होतो. एक डॉक्टर आणि दोन मुली एवढ्याच संसाराचा दवाखाना या दोन्हींच्या बाहेर राहतो. तिची विद्या हातात असते, कागदावर नसते. दवाखाना बदलला की पुन्हा पहिल्या पायरीपासून प्रारंभ.

म्हणून आमचा सल्ला असा की, मुलींनी हा मार्ग अवश्य पत्करावा, परंतु डोळे उघडे ठेवून. पगार, कामाचे तास व रजा लेखी मागाव्यात. काविळीच्या ‘ब’ प्रकारावरील लसीच्या तिन्ही मात्रा घ्याव्यात व त्यांचा खर्च डॉक्टरांनी उचलावा. हातमोजे आणि मुखपट्टी यांत काटकसर करणाऱ्या दवाखान्यात पाऊल टाकू नये. डॉक्टरांच्या गैरहजेरीत रुग्णाच्या तोंडात हत्यार घालण्यास सांगितले, तर ठाम नकार द्यावा. आणि दोन-तीन वर्षांच्या अनुभवावर न थांबता हायजिनिस्ट वा मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे दृष्टी ठेवावी.

डॉक्टरमंडळींनाही दोन शब्द सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आपल्या चार हातांच्या कामातील दोन हात या मुलीचे आहेत. तिला ‘घरच्यासारखी’ म्हणून गौरवावे आणि पगाराच्या वेळी परक्यासारखे वागवावे, हे शोभणारे नाही. बांबोळीला १९८० पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. दवाखान्यांतून शिकून तयार झालेल्या मुलींची परीक्षा घेऊन त्यांच्या कौशल्यावर तेथून मान्यतेची मोहोर उमटावी. संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला; नव्या व्यवस्थेत तरी या मुली नोंदवहीबाहेर राहू नयेत.

स्वकष्टाची भाकर कधीच उष्टी नसते. तिला तिचा न्याय्य मोबदला मिळतो की नाही, एवढीच चिंता पालकांनी आणि शासनाने वाहावी.