हळदीच्या पेढीवरील खोकला

सांगलीच्या हळद बाजारातील एक अडत व्यापारी. वय ६३, पेढी तीन पिढ्यांची, आचार चोख. सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य, कंदमुळांना घरात प्रवेश नाही. दुपारचे हळद घातलेले अर्धा पेला दूध मात्र कधी चुकले नाही. तरीही गेल्या दोन पावसाळ्यांत खोकल्याने त्यांना वारंवार अंथरूण धरावे लागले. कुटुंब कुंभोजच्या बाहुबलीला गेले, तेव्हा सारे डोंगर चढून दर्शन घेऊन आले. हे गृहस्थ पायथ्याशी बसून राहिले. तळपायांना मुंग्या येत होत्या, गुडघ्यांत बळ नव्हते. सुनेने विचारले तेव्हा, ‘वय झाले की असे व्हायचेच,’ एवढेच ते म्हणाले.

सुनेने ऐकले नाही. रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले.

यात हळदीचा दोष नाही. हळदीतील कुरकुमिन शरीरात अल्प प्रमाणातच शोषले जाते. मिरपूड आणि तूप सोबत असेल तर काहीसे अधिक. मसाला म्हणून हळद उत्तमच. पण भांडवल तुटपुंजे असताना दुकानाची पाटी रंगवून व्यवहार चालत नाही. रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी शरीर सतत नव्याने घडवते. त्या घडणीला बी-१२ लागते, आणि रोगजंतूंना अडवणारी प्रतिपिंडे तर प्रथिनांचीच असतात. धान्य, डाळी व भाज्यांतून बी-१२ मिळत नाही. शाकाहारी घरात ते दूध, दही आणि पनीर यांतूनच यायचे. त्यात हे गृहस्थ अनेक वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत होते. त्या औषधाने बी-१२चे शोषण कमी होऊ शकते, ही गोष्ट फार थोड्या घरांत ठाऊक असते. गोळी मनाने बंद करू नये. तपासणी मात्र करून घ्यावी.

उपचाराला त्यांनी आधी नकार दिला. औषध प्राणिजन्य असेल, ही शंका. ती अनाठायी म्हणता येणार नाही, कारण कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते. परंतु औषधातील बी-१२ सूक्ष्मजीवांच्या किण्वनातून तयार करतात, आणि ते साध्या गोळीच्या रूपातही मिळते. डॉक्टरांनी हे समजावल्यावर ते राजी झाले. विलंब झाला असता, तर मज्जातंतूंची हानी पूर्णपणे भरून येण्याची खात्री उरली नसती.

मग ताटाचा हिशेब झाला. प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. वाटीभर पातळ वरणातून जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतात. आहारतज्ज्ञ अशा वेळी मोड आलेली कडधान्ये सुचवतात. ती अनंतकाय मानणाऱ्या घरात हा सल्ला निरुपयोगी. तेथे घट्ट डाळ, मुगाचे धिरडे, फुटाणे, मूठभर शेंगदाणे हेच काम करतात. द्विदलाचा नियम असेल, तर दही डाळीसोबत न घेता सकाळी भाकरीबरोबर घ्यावे. नियम न मोडता ताट भरता येते. त्यासाठी स्वयंपाकघरात थोडा विचार हवा, इतकेच.

आहाराइतकीच उणीव हालचालीची होती. सकाळी नऊपासून गादीवर बैठक, आणि सायंकाळचे जेवण साडेसहाला आटोपले की पुन्हा वह्या. लसिकाद्रवातून संरक्षक पेशी शरीरभर फिरतात. त्या द्रवाला हृदयासारखा पंप नाही. त्याचा प्रवाह बराचसा स्नायूंच्या हालचालीवर अवलंबून असतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. लवकर जेवणाऱ्या घरांना येथे आयती सवड आहे: जेवण आणि झोप यांत तीन तास मोकळे. आता हे गृहस्थ आठवड्यातून पाच दिवस जेवणानंतर अर्धा तास चालतात. पेढीवर हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठतात. पहिल्या दिवशी चारच वेळा जमले होते. हमाल हसले, आता त्यांतले दोघे मोजायला उभे राहतात.

पायांच्या मुंग्या कमी झाल्या आहेत, पूर्ण गेलेल्या नाहीत. सुनेने मात्र आणखी एक गोष्ट केली. चूल एकच, तेव्हा तपासणीही सर्वांची, असा तिने आग्रह धरला. सासूबाईंचे बी-१२ कमी निघाले, आणि दुधाला तोंड न लावणाऱ्या सोळा वर्षांच्या नातवाचे त्याहून कमी.