भेगांतील बर्फ

स्वित्झर्लंडमधील ब्लाटेन हे सुमारे तीनशे वस्तीचे गाव. १९ मे २०२५ रोजी ते रिकामे करण्यात आले. गुरेढोरेही हलवली गेली. वरच्या शिखराचे कडे ढासळून बर्च हिमनदीवर दगडांचा ढीग साचत होता. २८ मे रोजी त्या भाराने हिमनदीच तुटली आणि बहुतेक गाव गाडले गेले. रिकाम्या केलेल्या भागाबाहेरील एक गृहस्थ मात्र दगावला.

उंच पर्वतांत वर्षानुवर्षे गोठलेला भेगांतील बर्फ दगडांना चुन्यासारखा धरून ठेवतो. तो पूर्ण वितळावाच लागतो असे नाही; तापमान शून्य अंशाजवळ येताच पकड सैल होते, पुढे भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब वाढतो. २००३ च्या कडक उन्हाळ्यात मॅटरहॉर्नचा कडा कोसळला, तेव्हा उघड्या पडलेल्या खडकावर बर्फ दिसला होता.

कडे पूर्वीही कोसळत; प्रत्येक घटनेचे खापर तापमानवाढीवर फोडणे घाईचे होईल. पहारा मात्र ठेवता येतो. ब्लाटेनवर तो होता. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात खडक व बर्फाचा प्रचंड कडा सुटला, तेव्हा खालच्या जलविद्युत प्रकल्पांवरील कामगारांना वेळेवर इशारा मिळाला नाही. दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली.