तुरुंगातल्या दुखण्याची पोच द्या!



वनहक्काचा दावा टाकला की आपण पहिलं काय मागतो? पोच. पोच नसली तर साहेब उद्या म्हणतो, दावा आलाच नाही. दावा नाकारला तर कारण लेखी मागतो. दळी कसणाऱ्या म्हाताऱ्यालाही हे पाठ आहे. मग तुरुंगात आपला माणूस "छातीत दुखतंय, डॉक्टरला दाखवा" म्हणतो, त्याची पोच कुठे मिळते?

सरकार सांगतं, तुरुंगात आता कॉम्प्युटर आलाय. ई-प्रिझन्स नावाची यंत्रणा आहे, कैद्याची माहिती तिच्यात चढते. चढू दे, आमचा कॉम्प्युटरला विरोध नाही. पण सातबारासुद्धा ऑनलाइन झाला, आपल्या किती दळ्या त्यात दिसतात? जे कुणी त्यात घालतच नाही, ते दिसणार कसं?

आमच्या वाडीतल्या काकाचं बघा. फारेस्टच्या केसमध्ये आत गेला. टीबीच्या गोळ्या चालू होत्या, सरकारच्या निक्षय पोर्टलवर नावही होतं. म्हणजे नोंद होती, तीही ऑनलाइन! गोळ्यांचा डबा मात्र घरी फळीवर. आत घेताना विचारलं, काही आजार? काका घाबरलेला. म्हणाला, "थोडा खोकला हाय." तेवढंच लिहिलं. मग रोज वॉर्डरला सांगायचा, वॉर्डर म्हणायचा, सांगतो. काकी मुलाखतीला गेली तेव्हा कळलं, ११ दिवस गोळी नाही. ती डबा घेऊन गेली तर बाहेरचं औषध चालत नाही म्हणाले. शेवटी वकिलानं अर्ज केला, मग गोळी सुरू झाली. काकानं वॉर्डरला किती वेळा सांगितलं, याचा कागद कुठेच नाही. कोर्टात काय दाखवायचं?

आणि हे काही नवीन मागणं नाही. इंग्रजानं १८९४ साली तुरुंगाचा कायदा केला, त्याचं कलम ३७ म्हणतं, कैद्याला डॉक्टरला भेटायचं असेल तर पहाऱ्यावरच्यानं ताबडतोब जेलरला कळवायचं. कलम ३८ म्हणतं, डॉक्टरनं जे सांगितलं ते रोजच्या रोज लिहायचं, आणि ते केलं की नाही केलं हे जेलरनं तारीख घालून लिहायचं. चिरनेरला १९३० साली नाग्या कातकऱ्यावर गोळी झाडणारं ते सरकार! त्यानं लिहिलेलं एवढंही आज होत नाही.

आपल्याच जिल्ह्यात तळोजा जेल आहे. झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीसाठी, तिथल्या कच्च्या कैद्यांसाठी झगडणारे स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० पासून तिथे होते. वय ८३, कंपवातानं पेला हातात धरता येईना. पाणी प्यायला नळी आणि सिपर मागितला, तर त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला, तारखा पडल्या. मे २०२१ मध्ये त्यांनी हायकोर्टाला सांगितलं, आलो तेव्हा स्वतः चालत होतो, जेवत होतो, आता दुसऱ्याला भरवावं लागतं. ५ जुलैला हॉस्पिटलात गेले, जामिनाचा निकाल बाकीच होता. गडचिरोलीचा आपला आदिवासी भाऊ पांडू नरोटे ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूर जेलचा कैदी असतानाच आजारानं वारला, वय ३३. मार्च २०२४ मध्ये हायकोर्टानं त्याला निर्दोष ठरवलं. यांच्या पाठीशी वकील होते, पेपरात नाव होतं. आपल्या वाडीतल्याचं नाव कोण छापणार?

२०२१ अखेर देशातल्या तुरुंगांत दर १०० माणसांत ७७ कच्चे कैदी होते. गुन्हा शाबीत नाही, तरी औषधाला मुकायचं?

म्हणून आम्ही म्हणतो, कॉम्प्युटर बराकीच्या दारापर्यंत आणा. माणूस आजारी आहे म्हणाला की त्याच्यासमोर नोंद करा, नंबर द्या, लिहिता येत नसेल तर वाचून दाखवा. रजिस्टर मागच्या तारखेनं भरता येतं. कॉम्प्युटरवर वेळ आपोआप पडली पाहिजे आणि नंतर कुणाला बदलता येता कामा नये. डॉक्टरकडे नेलं नाही तर का नाही, तेही लिहा. पोलीस पार्टी नव्हती? मग तसंच लिहा, दर वेळी लिहा, किती वेळा नव्हती ते कोर्टाला दिसू दे. मुलाखतीला आलेल्या बाईला, कैद्याची हरकत नसेल तर, त्याची छापील प्रत द्या. आणि एचआयव्ही, टीबी असलं दुखणं डॉक्टरनं बघावं, वॉर्डरनं नव्हे.

हे निवेदन घेऊन आपण तहसीलदारामार्फत तुरुंग खात्याकडे जाणार आहोत. पुढच्या बैठकीला ज्यांच्यावर केस आहे त्यांनी घरातले केसपेपर, गोळ्यांची पाकिटं, निक्षयचा नंबर असेल तो घेऊन यावं. झेरॉक्स संघटना काढेल. एक प्रत वकिलाकडे, एक ग्रामसभेच्या कपाटात आणि एक ज्याची त्याच्या खिशात.