अमेरिकेची निवडणूक : अंदाजावर माल भरू नका

अमेरिकेत दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिन्यात अध्यक्षाची निवडणूक होते आणि त्याआधी वर्षभर अंदाजांचा बाजार तेजीत असतो. कोणी म्हणतो मतचाचण्या पाहा, कोणी म्हणतो 'प्रायमरी'ला कोणत्या पक्षाकडे जास्त मतदार आले ते मोजा. आपल्या व्यापाऱ्यांना याच्याशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प निवडून आले आणि २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने बऱ्याचशा भारतीय मालावर एकूण ५० टक्के जकात बसवली. तयार कपडे, दागिने, चामड्याच्या वस्तू आणि गालिचे हे सारे त्या कात्रीत सापडले. तिकडच्या मतपेटीचा परिणाम इकडच्या कारागिराच्या मजुरीवर होतो, तेव्हा निकाल आधी कळावा अशी इच्छा होणे साहजिक आहे. पण तो आधी कळतो का? आमचे स्पष्ट मत असे की, मतचाचणीवरून लढत किती अटीतटीची आहे एवढे कळते, प्रायमरीच्या गर्दीवरून तेवढेही कळत नाही, आणि या दोहोंच्या भरवशावर भांडवल गुंतवणे शहाणपणाचे नाही.

मूठभर दाणे

मतचाचणी म्हणजे पोत्यातून मूठभर दाणे काढून सगळ्या पोत्याची पारख करणे. धान्याचा व्यापारी हे रोज करतो. पण वरवरची मूठ घेतली तर फसगत होते, हेही त्याला ठाऊक असते. मूठ मोठी असून भागत नाही, ती पोत्याच्या सर्व थरांतून यावी लागते.

१९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकन साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना पत्रे पाठवून मत विचारले. २३ लाखांहून अधिक उत्तरे आली आणि साप्ताहिकाने आल्फ्रेड लँडन जिंकणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. झाले काय होते? पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते. मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी फोन व दारात मोटार, तो गरिबांचा प्रतिनिधी कसा होणार? शिवाय ज्यांना रूझवेल्ट नको होते त्यांनीच हौसेने उत्तरे पाठवली. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांना, पण सर्व थरांतील लोकांना विचारून, रूझवेल्ट जिंकतील असे सांगितले होते. 'डायजेस्ट' १९३८ साली बंद पडले.

आज पद्धती सुधारल्या, पण रोग तोच आहे. २०१६ साली देशभरच्या चाचण्या हिलरी क्लिंटन यांना सुमारे ३ टक्क्यांची आघाडी देत होत्या. त्यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २ टक्के मते जास्त मिळालीही. म्हणजे एकंदर अंदाज फारसा चुकला नव्हता. पण अमेरिकेत अध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर ठरत नाही. राज्यनिहाय ५३८ निर्वाचक असतात आणि त्यांपैकी २७० मिळवणारा जिंकतो. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये मिळून जेमतेम ७८ हजार मतांनी ट्रम्प यांच्याकडे गेली आणि बाजी पालटली. विस्कॉन्सिनमध्ये तर चाचण्यांची सरासरी क्लिंटन यांना सुमारे साडेसहा टक्क्यांनी पुढे दाखवत होती. कमी शिकलेले कामगार उत्तर देणाऱ्यांत कमी होते आणि अनेक चाचण्यांनी हिशेबात ती कसर भरून काढली नव्हती, हे पुढे तपासात दिसले. २०२० मध्ये विजेता बरोबर सांगितला गेला, पण बायडेन यांची आघाडी इतकी फुगवली गेली की देशपातळीवर ती चूक ४० वर्षांतील सर्वांत मोठी ठरली.

व्यापाऱ्याने येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चाचणीखाली 'अधिक-उणे ३ टक्के' असे छापलेले असते. ती चूक एका उमेदवाराच्या मतांची असते. दोघांमधील अंतरात ती जवळजवळ दुप्पट होते. तेव्हा ३ टक्क्यांची आघाडी म्हणजे विजय नव्हे, ती बरोबरीच समजावी. शिवाय राज्याराज्यांतील चुका बहुधा एकाच दिशेने होतात. सात दुकानदारांना उधारी दिली म्हणजे जोखीम वाटली गेली असे आपल्याला वाटते, पण ते सातही एकाच गिरणीचा माल विकत असतील तर गिरणी बसताच सातही बसतात. २०२४ मध्ये अटीतटीची मानलेली सातही राज्ये ट्रम्प यांच्याच पदरात पडली, ती अशीच.

प्रायमरीची गर्दी

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी आधी होणारे मतदान. ज्या पक्षाकडे गर्दी जास्त, तोच नोव्हेंबरात जिंकणार, हा तर्क ऐकायला गोड वाटतो. २००८ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत साडेतीन कोटींहून अधिक आणि रिपब्लिकन पक्षाच्या सुमारे २ कोटी मते पडली आणि ओबामा जिंकले. २०१६ साली रिपब्लिकन पक्षाकडे सुमारे ३ कोटी १० लाखांची विक्रमी गर्दी झाली आणि ट्रम्प जिंकले. हे दोन दाखले देऊन लोक नियम बनवतात.

पण वही जरा मागे उलटून पाहा. १९८८ साली डेमोक्रॅटिक प्रायमरीत सुमारे २ कोटी ३० लाख, तर रिपब्लिकन प्रायमरीत सुमारे १ कोटी २० लाख मते पडली. जवळपास दुप्पट फरक! तरी नोव्हेंबरात रिपब्लिकन जॉर्ज बुश यांनी ४० राज्ये जिंकली. १९८० सालीही डेमोक्रॅटिक प्रायमरीत मते जास्त पडली होती आणि जिंकले रिपब्लिकन रोनाल्ड रेगन. कारण साधे आहे. ज्या पक्षात चुरस असते तिथे गर्दी होते. एका बाजूचा उमेदवार आधीच ठरला असेल तर त्याच्या मतदाराने सकाळी उठून रांगेत का उभे राहावे? लग्नघरी गर्दी असते म्हणून शेजारचे घर ओस पडले असे कोणी म्हणत नाही. २०२४ मध्ये तर बायडेन यांनी प्रायमरी जवळपास बिनविरोध जिंकल्या, २१ जुलैला माघार घेतली आणि प्रायमरीत न उतरलेल्या कमला हॅरिस उमेदवार झाल्या. त्या गर्दीवरून कोणते गणित मांडणार?

विद्वानांचेही असेच होते. स्टोनी ब्रूक विद्यापीठाचे प्राध्यापक हेल्मुट नॉर्पॉथ यांनी गर्दीऐवजी उमेदवाराच्या प्रायमरीतील यशावरून गणित बसवले. २०१६ साली त्यांनी ट्रम्प जिंकण्याची शक्यता ८७ टक्के सांगितली, तेव्हा त्यांची वाहवा झाली. २०२० साली त्याच गणिताने ट्रम्प यांना ९१ टक्के दिले आणि ट्रम्प हरले.

प्रायमरीतून एक इशारा मात्र घेण्यासारखा आहे. गादीवरच्या अध्यक्षाविरुद्ध त्याच्याच पक्षातून जोरदार बंड झाले तर ते अपशकुनी ठरते. १९७६ मध्ये फोर्ड, १९८० मध्ये कार्टर आणि १९९२ मध्ये बुश यांना घरातूनच आव्हान मिळाले आणि तिघेही नोव्हेंबरात हरले. घरातली फूट खरी खबर देते, दारातली गर्दी देत नाही.

मग करावे काय?

अंदाजावर उडी घेतल्याने काय होते ते आपल्या मुंबईनेही पाहिले आहे. १ जून २०२४ रोजी लोकसभेचे एक्झिट पोल आले, ३ जूनला सेन्सेक्स सुमारे अडीच हजार अंकांनी उसळला आणि ४ जूनला प्रत्यक्ष मतमोजणी सुरू होताच सुमारे ४,४०० अंकांनी कोसळला. एका दिवसाच्या आनंदात ज्यांनी खरेदी केली त्यांनी दुसऱ्या दिवशी किंमत मोजली.

तेव्हा अमेरिकेला माल पाठवणाऱ्या, किंवा तिकडे जाणाऱ्या मालाचे काम करणाऱ्या बंधूंनी अमेरिकन निवडणुकीच्या वर्षी दोन हिशेब मांडावेत, हा जिंकला तर काय आणि तो जिंकला तर काय. दोन्हीत धंदा तग धरेल एवढाच कच्चा माल भरावा. जकात वाढली तर वाढीव बोजा कोणी सोसायचा हे ऑर्डर घेतानाच कागदावर लिहून घ्यावे. डॉलरचे पैसे निकालानंतर येणार असतील तर बँकेकडून आधीच दर बांधून घेता येतो का ते विचारावे. छोट्या कारागिराने सगळी मजुरी शेवटच्या बिलावर न ठेवता टप्प्याटप्प्याने घ्यावी, कारण वर ऑर्डर रद्द झाली की पहिला फटका त्यालाच बसतो. आणि एकाच देशाच्या एकाच गिऱ्हाइकावर सारे दुकान टांगून ठेवू नये.

अंदाज सांगणारा चुकला तर पुढच्या निवडणुकीत नवा अंदाज सांगतो. त्याच्या अंदाजावर माल भरणाऱ्याला मात्र गोदामात पडून राहिलेल्या मालाचे व्याज महिन्याच्या महिन्याला भरावे लागते.